शेवटची लेंडी कधी पडली?

धनकवडीहून एका गृहस्थांनी विचारलंय: "आमचा दोन वर्षांचा ससा काल संध्याकाळपासून काही खात नाही. गाजर पुढे धरलं तरी तोंड फिरवतो. कुठे लागलेलं नाही, अंग गरम नाही, नुसता कपाटामागे बसून आहे. उद्या रविवार. सोमवारपर्यंत वाट बघितली तर चालेल का? आणि ससा खरोखर आजारी आहे की नुसता रुसलाय, हे ओळखायचं कसं?"

सोमवारपर्यंत थांबू नका. आधी डॉक्टरांना फोन करा, निघायची तयारी करा आणि मग वाटेत रिक्षात बसून हे वाचा.

काल संध्याकाळपासून म्हणजे पंधरा-सोळा तास होऊन गेले. सशाने बारा तास काहीच खाल्लेलं नसेल तर मी ती तातडीची केस धरते. तुमचा कुत्रा असता तर मीच म्हटलं असतं, पाणी पितोय ना, मग उद्या आणा. कुत्र्याला एखादं लंघन मानवतं, सशाला एकादशी नसते. त्याचं आतडं दिवसरात्र चालू राहण्यासाठीच बनलेलं आहे. चोथ्याचं गवत एका बाजूने आत जात राहिलं तरच दुसऱ्या बाजूने लेंड्या बाहेर पडत राहतात. आत जाणं थांबलं की आतडं मंदावतं, अन्न सुकून घट्ट होतं, वायू धरतो. पोट दुखायला लागतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्याच्या मोठ्या, एका टोकाला बंद असलेल्या आंधळ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू गवत आंबवायचं काम करत असतात. वरून गवत आलं नाही की त्यांचा तोल बिघडतो आणि नको ते जंतू माजतात. वर आणखी एक अडचण आहे, सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं. पुढे जात नसेल तर ते तिथेच राहणार.

मी सिंहगड रस्त्यावर चोवीस वर्षं लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. या काळात दगावलेले जे ससे माझ्या टेबलावर आले, त्यांतले बरेचसे दुर्मीळ आजाराचे नव्हते. त्यांना आणायला एक दिवस उशीर झाला होता, एवढंच. आणणारी माणसं निष्काळजी होती असंही नाही. ससा आजारी दिसतच नव्हता त्यांना.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. ससा हा कुणाचं तरी भक्ष्य असलेला प्राणी. उघड्या माळावर जो लंगडतो, कण्हतो, तो आधी उचलला जातो. म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्रा पाय वर धरून केविलवाणं तोंड करून दाखवतो, मांजर निदान गुरगुरते. ससा गप्प बसतो, आणि गप्प बसणं हा त्याचा नेहमीचाच स्वभाव असल्यामुळे घरच्यांना फरक कळत नाही. तो "आजारी दिसतोय" असं वाटेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे मी सशाच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवायला सांगत नाही. कुणीही ससा घेऊन आलं की मी एकच प्रश्न आधी विचारते: शेवटची लेंडी कधी पडली?

लोक हसतात. पण निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, साधारण हरभऱ्याएवढ्या, बोटांत चुरल्या तर आत नुसता गवताचा भुगा. एवढी ताजी खबर दुसरा कुठलाही प्राणी आपल्या पोटाची देत नाही, आणि आपण ती सकाळी सुपलीत भरून फेकून देतो. फेका जरूर, पण फेकण्याआधी नजर टाका. आकार लहान होत चाललाय का? दाण्याएवढ्या, वेड्यावाकड्या, काळपट झाल्यात का? केसाने एकमेकींना माळेसारख्या जोडल्यात का? रोज सुपली भरायची आणि आज मूठभरच निघाल्या का? हे बदल बहुतेक वेळा खाणं बंद होण्याच्या दोन दिवस आधीपासून दिसतात. त्याच वेळी आणलं तर गवत वाढवून, थोड्या औषधावर काम भागतं.

रात्री किंवा पहाटे ससा मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्याही टाकतो आणि त्या थेट गुदद्वारापासून उचलून खातो. ते घाण नाही, विकृती नाही, त्याचं जीवनसत्त्वांचं दुसरं जेवण आहे. कधी त्या न खाल्ल्यामुळे मागे चिकटतात आणि लोक "हगवण लागली" म्हणून येतात. बहुतेक वेळा अशा सशाला पोळी, बिस्किटं, गोड फळं जास्त आणि गवत कमी मिळत असतं किंवा तो इतका जाड झालेला असतो की तोंड मागे पोचत नाही. खरी हगवण वेगळी, ती पाण्यासारखी असते. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ती लागली तर एका दिवसात जीव जाऊ शकतो. बाजारातून आणलेली पिल्लं अनेकदा जेमतेम महिन्याची असतात, आईच्या दुधावरून नीट सुटलेलीही नसतात, त्यांच्यात हे फार दिसतं. अशा पिल्लाचं ढुंगण ओलं दिसलं की घड्याळाकडे बघू नका, उचला आणि निघा.

आता तुमच्या सशाकडे येते. न खाणाऱ्या सशात मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात, कारण दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली, आतडं मंदावणं. हे हळूहळू येतं. लेंड्या लहान होत जातात, आधी पेलेट्स (दुकानातलं गोळ्यांचं कोरडं खाद्य) सोडतो, मग गवत सोडतो, आवडीची कोथिंबीर शेवटी सोडतो. पोट कणकेच्या गोळ्यासारखं लागतं. ससा मरगळलेला असला तरी हाक मारल्यावर कान हलवतो. मागे जाऊन शोधलं तर कारण बहुधा सापडतं: दाढा वाढल्यात, गवत कमी पडलंय, जोडीदार गेलाय, घर बदललंय, नाहीतर गणपतीच्या आधी शेजारच्या मोकळ्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय. शेवटचं कारण मी गमतीत सांगत नाही. आवाजाच्या धास्तीने खाणं सोडलेले ससे माझ्याकडे दरवर्षी श्रावण-भाद्रपदात येतात, पुन्हा दिवाळीच्या फटाक्यांत येतात.

दुसरी, आतड्यात अडकणं. चाटून गिळलेल्या केसांचा घट्ट गोळा, वाळका वाटाणा, गालिच्याचा धागा, असलं काही लहान आतड्यात अडकतं. ते अचानक होतं. सकाळी उड्या मारत होता, दुपारी आडवा. पोट ढोलकीसारखं ताठ आणि फुगलेलं, कान गार, डोळे अर्धे मिटलेले, अंग गळालेलं. इथे हिशोब तासांचा असतो. अशा सशाला सिरिंजने काहीही भरवू नका, पोट चोळू नका. आधीच तटतटलेल्या जठरात आणखी भर घालून काही साधत नाही, जठर फुटायचा धोका मात्र वाढतो. दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे काढतील, कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन साखरही बघतील. तुम्हाला वाटेल, सशाला कुठला आलाय मधुमेह? पण साखर ३६० च्या वर गेलेली असेल तर अडकल्याची शंका फार बळावते, नुसत्या मंदावलेल्या आतड्यात ती सहसा इतकी चढत नाही.

तुमच्या वर्णनावरून तुमचा पहिल्या प्रकारातला वाटतो, पण पोट हाताला कसं लागतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही हातांनी हलकेच चाचपून बघा आणि कानाला हात लावा. कान बर्फासारखे गार असतील तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा, त्याला हवं तर सरकून बाजूला होता येईल अशी. सशाचं तापमान साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला ताप वाटेल ती त्याची निरोगी अवस्था. १००च्या खाली घसरलेला ससा १०४ वाल्यापेक्षा मला जास्त घाबरवतो. अंग गरम नाही म्हणून तुम्ही निश्चिंत आहात, पण खरी भीती गार पडण्याची आहे. थर्मामीटर गुदद्वारातून लावावा लागतो. आधी कुणाकडून शिकला नसाल तर आज प्रयोग करू नका, तडफडला तर आतून जखम होते.

दुखणं ओळखायचं तर चेहऱ्यावर काही खुणा मिळतात, पण सवयीने. २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरच्या वेदनेची एक मोजपट्टीच तयार केली: डोळे बारीक होणं, गाल बसणं, नाकपुडीचा गोलवा जाऊन ती टोकदार दिसणं, मिशा ताठ होणं, कान पाठीला चिकटून मागे वळणं. याच्या जोडीला दात करकरा खाणं. इथे गल्लत होते, कारण डोकं कुरवाळताना ससा खुशीतही दात वाजवतो. तो आवाज मऊ असतो, सुपारी कातरल्यासारखा हलका, आणि अंग सैल असतं. दुखण्यातला आवाज मोठा, थांबून थांबून येणारा, आणि ससा पाठीची कमान करून, पोट आक्रसून बसलेला. कधी पोट फरशीला दाबून धरतो, परत उठतो, परत दाबतो. असं दिसलं तर रुसलाय-बिसलाय काही नाही. रुसलेला ससा पाठ फिरवून बसतो आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की गवत खातो.

उलट बाजूचीही भीती काढून टाकते. ससा धाडकन एका कुशीवर पडतो, पाय लांब करतो, डोळे पांढरे करून झोपतो, आणि पहिल्यांदा ससा पाळणारं प्रत्येक घर मला रडत फोन करतं. तो नुसता आरामात पहुडलेला असतो. हाक मारा, नाक हलेल. आणि उताणा धरल्यावर ससा "शांत झोपतो" म्हणून जे व्हिडिओ फिरतात, ती शांती नाही. भीतीने गोठलेलं शरीर आहे ते. तसं करू नका.

आता पोट सोडून बाकीचं, जे जितकं तातडीचं तितकं आधी.

तोंड उघडं टाकून श्वास घेणारा ससा. सशाला फक्त नाकाने श्वास घ्यायची सवय, रचनाच तशी. तो तोंडाने धापा टाकत असेल, मान वर ताणत असेल, ओठ-हिरड्या निळसर असतील तर याहून मोठी आणीबाणी नाही. हाताळणी शक्य तितकी कमी करा, खोक्यात ठेवा, निघा. नुसत्या शिंका आणि नाकातून पांढरा शेंबूड असेल तर त्याच दिवशी दाखवलं तरी चालतं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून घट्ट झालेत का बघा. ससा नाक पायाने पुसतो, पुरावा तिथे सापडतो.

ऊन. पुण्यात याबद्दल मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण हे पूर्ण टाळता येतं. सशाला घाम येत नाही, तोंडाने लहालहा करून तो फारसा गार होत नाही, उष्णता टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन कान. तिशीच्या आसपासच त्याला जड जायला लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पश्चिमेची बाल्कनी, ग्रीलला टेकवलेला पिंजरा, वर पत्रा, किंवा शेवटच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली. सगळे ऑफिसला, दुपारी दोनला वीज जाते, पंखा बंद. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर ससा आडवा, कान लाल आणि तापलेले, नाक ओलं, लाळ, भराभरा श्वास, कधी झटके. अशा वेळी सावलीत, वाऱ्यात आणा, कान साध्या पाण्याने ओले करत राहा, ओल्या फडक्यावर ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्वचेखालच्या शिरा आखडतात, उष्णता आतच कोंडते आणि धक्क्याने हृदय बंद पडू शकतं. तोंडात पाणी ओतू नका. थोडा सावरला तरी दाखवायला न्याच. आतल्या अवयवांचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं. उन्हाळ्यात मी घरोघरी एकच जुगाड सांगते: पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवा, जुन्या मोज्यात घाला, पिंजऱ्यात ठेवा. किंवा शहाबादी फरशीचा एक तुकडा. ससा आपला आपण त्याला टेकून बसतो.

पावसाळ्यात संकट बदलतं. मागे ओलसर राहिलेला, लेंड्या-लघवीने माखलेला ससा माशीला लांबून कळतो. माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी पोखरायला लागतात. वरून केस नीट दिसतात, उचलून बघावं तर खाली वळवळ. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा शेपटीखाली बघायचंच, म्हातारा, जाड किंवा मागचे पाय कमजोर असलेला ससा असेल तर नक्कीच. अळ्या दिसल्या तर घरी फिनाईल, टर्पेंटाइन, गुरांच्या जखमेचा फवारा असलं काही मारू नका. दिसतील त्या चिमट्याने काढा, अंग भिजवू नका, लगेच आणा. वेदना आणि धक्का मोठा असतो, बऱ्याचदा भूल देऊनच साफ करावं लागतं.

मान एका बाजूला वळलेली, डोळे सरसर फिरतायत, ससा गडाबडा लोळतोय. हे बघून लोकांची पाचावर धारण बसते आणि काहीजण "याला आता सोडवा" म्हणतात. थांबा. कानाच्या आतल्या भागातला संसर्ग किंवा मेंदू-मूत्रपिंडात शिरणारा एक सूक्ष्म परजीवी, ही याची नेहमीची कारणं. दोन्हींवर औषध आहे. परजीवीचं औषध साधारण २८ दिवस चालतं. मान थोडी वाकडीच राहिलेले पण वर्षानुवर्षं मजेत जगलेले ससे मी पाहिलेत. तोपर्यंत त्याला चारी बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, म्हणजे लोळून डोळा फुटणार नाही.

मागचे पाय अचानक ओढायला लागला तर पाठीचा कणा. सशाचा सांगाडा वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के, आणि मागच्या पायांत लाथेची ताकद मात्र प्रचंड. हातात धरलेला ससा हवेत जोराने लाथ मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हणून कान धरून उचलणं तर सोडाच, पण लहान मुलांना उभ्याने ससा उचलायला देऊच नका. मुलं खाली बसोत, ससा मांडीवर येवो. असं झालंच तर पोळपाट, ट्रे, काहीही सपाट घ्या, त्यावर सरकवा, हलणार नाही असं आणा.

लाल लघवी बघून घाबरलेले फोन बरेच येतात. बीट, गाजर, काही पालेभाज्या किंवा शरीरातली नैसर्गिक रंगद्रव्यं यांनी सशाची लघवी केशरी, अगदी विटकरीही होते, आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. चुन्यासारखी पांढुरकी, सुकल्यावर पावडर राहणारी लघवीही थोडी-फार नेहमीचीच, कारण जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीवाटे टाकतो. काळजी कधी? कुंथतोय, थेंब थेंब येतेय, टूथपेस्टसारखी घट्ट येतेय, किंवा फिक्या लघवीत रक्ताचे वेगळे धागे-गाठी दिसतायत. मादीत रक्त दिसलं तर मी आधी गर्भाशयाचा विचार करते. न काढलेल्या गर्भाशयाला कर्करोग होण्याचं प्रमाण सशांमध्ये फार मोठं आहे, चार वर्षांवरच्या माद्यांत तर काही जातींमध्ये निम्म्याहून अधिक. म्हणून सहाव्या महिन्याच्या आसपास शस्त्रक्रिया करून घ्या असं मी प्रत्येकीबद्दल सांगते. आणि हो, दुकानदाराने "दोन्ही माद्याच आहेत" सांगून दिलेली जोडी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. एका महिन्यात, म्हणजे साधारण ३१ दिवसांत, सहा पिल्लांचं आश्चर्य बऱ्याच घरांनी अनुभवलंय.

दात. ही तातडीची गोष्ट नाही, पण निम्म्या तातडीच्या केसेसचं बी इथे असतं. सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, दाढाही आयुष्यभर वाढतात. चोथ्याचं गवत तासन् तास चघळूनच ते झिजतात. गवत नसेल तर दाढांना सुरीसारखी धार येते, जीभ कापते. मग ससा खायला पुढे येतो, तोंडात घेतो, टाकतो. हनुवटी ओली, एका डोळ्याला सतत पाणी. तुमचा ससा गाजराला तोंड लावायला आला आणि मग फिरवलं की आलाच नाही, हे आठवून डॉक्टरांना सांगा, त्याने फरक पडतो. पुढचे वाढलेले दात नेलकटरने कापणारे महाभाग आहेत. दात उभा चिरतो, मुळापर्यंत जंतू जातात.

गवताचं पुण्यात काय करायचं, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून इथेच सांगते. लसूणघास सहज मिळतो, पण मोठ्या सशाला रोज तोच देऊ नका, कॅल्शियम जास्त. पिल्लांना ठीक. साधं वाळलं गवत हे मुख्य जेवण. त्याच्या जोडीला दूर्वा, जी मंडईत जुड्या बांधून मिळते, ती सशाला उत्तम. मात्र गणपतीला वाहिलेली, हळद-कुंकू लागलेली, दोन दिवस निर्माल्यात पडलेली नको. त्याच पिशवीतून रुईची पानं किंवा कण्हेरीची फुलं आली तर तो विषाचा खुराक आहे. पोळी, भात, हरभरे, बिस्किट, "थोडंसंच दिलं", यांतलं थोडंसंसुद्धा नको. गाजर म्हणजे त्याची मिठाई, नखाएवढा तुकडा पुरे.

आता औषधांबद्दल, आणि हे जरा कडक आवाजात. माणसांची किंवा कुत्र्याची प्रतिजैविकं सशाला तोंडाने देऊ नका. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लहान मुलांच्या सर्दीची ती गुलाबी-पिवळी सिरपं, ही सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, विष तयार करणारे जंतू वाढतात आणि चार-पाच दिवसांत हगवणीने ससा जातो. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या. सशाला शिंका येत होत्या, औषधाच्या दुकानातून नातवाचंच सिरप थोडं कमी करून दिलं. शिंका थांबल्या. पाचव्या दिवशी ससा गेला. त्या बाईंनी मायेनेच केलं होतं, आणि मला त्यांना खरं कारण सांगताना जीभ उचलत नव्हती. तसंच, कुत्र्याच्या गोचिडांवर मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला विषारी आहे. कानात खपल्या, नाकावर-पायांवर पांढरट कवच, सतत खाजवणं म्हणजे खरूज. ती इंजेक्शनने किंवा योग्य औषधाने छान बरी होते. कवच ओढून काढू नका, खाली जिवंत मांस असतं.

डॉक्टर निवडताना फोनवर एक प्रश्न विचारा: "शस्त्रक्रियेच्या आधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं का?" हो म्हणाले तर दुसरा नंबर फिरवा. उपाशी ठेवतात ते उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, आणि सशाला उलटीच होत नाही. ही शेखी मिरवत नाही मी, पहिल्या वर्षी हीच चूक मी स्वतः केली होती. कॉलेजात गाय-म्हैस-कुत्रा नीट शिकलो, ससा एका प्रकरणात उरकला होता. तो ससा शस्त्रक्रियेतून वाचला, पण नंतर तीन दिवस त्याचं आतडं हलेना आणि तीन दिवस मी झोपले नाही. पुण्यात आता ससे बघणारे डॉक्टर आहेत, पण रविवारी रात्री उघडे असणारे मोजके. त्यांचे दोन नंबर आज, ससा ठणठणीत असतानाच, फ्रिजवर चिकटवा. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, निदान हे बाकीच्यांसाठी.

निघताना काय न्यायचं: कुत्र्या-मांजरांच्या रांगेत उघडा धरून बसवू नका, झाकणाचा कॅरिअर किंवा भोकं पाडलेलं खोकं, खाली टॉवेल, वर भरपूर गवत. दुचाकीपेक्षा रिक्षा बरी. दोन ससे असतील तर दुसऱ्यालाही न्या, जोडीदार शेजारी असला की आजारी ससा लवकर खायला लागतो. आणि एका डबीत कालच्या-परवाच्या लेंड्या. लाजू नका. माझ्या फोनमध्ये घरच्यांच्या फोटोंपेक्षा लोकांनी पाठवलेले लेंड्यांचे फोटो जास्त आहेत.

अडकलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तर दुखणं थांबवायचं औषध, कातडीखाली सलाइन आणि आतडं हलवायचं औषध देतील. तुम्हाला घरी भरवायला सांगतील. पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून अगदी पातळ वाटायच्या, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेकडून थोडं थोडं द्यायचं, प्रत्येक घोटाला चावू-गिळू द्यायचं. एका वेळी किलोमागे दहा-पंधरा मिली, दिवसातून चार-पाच वेळा, रात्रीची एक वेळ धरून. घाईने पिचकारी मारलीत तर ते फुप्फुसात जाईल. समोर गवत सतत असू द्या, त्याला घरात मोकळं हिंडू द्या, चालण्याने आतडं चालतं.

पहिल्या लेंड्या बारीक, कडक, कधी चिकट पदराने मढवलेल्या येतील. त्याने दचकू नका, अडकलेला माल बाहेर पडतोय. त्यानंतर आकार दिवसागणिक वाढायला हवा. इलाज सुरू होऊन चोवीस तासांत एकही पडली नाही किंवा पोट फुगत चाललं, तर मध्यरात्र असली तरी परत फोन करा. आणि पडली तर तीही कळवा, मी जागी असते.